मंगळवार पेठेतल्या आमच्या काकूंना, चादरीच्या गाउनांसाठी

काकू, तुम्ही मोबाईल फारसा बघत नाही मला माहितीय, नातवाला सांगून वाचून घ्या. तोंडावर आभार मानले तर "गप बस" म्हणता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

पावसाळ्यात सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, मोरीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं, आणि पहिल्याच दिवशी कपडे बदलायची वेळ आली तेव्हा मला रडूच फुटलं. महाद्वार रोडवरून आणलेले गाउन सगळे डोक्यातून घालायचे, नाहीतर पुढे जेमतेम चार बटणं, आणि घालताना आत्यांना जरा उचललं की त्या कळवळायच्या. तुम्ही डबा घेऊन आला होता, दारातनंच बघितलंत आणि म्हणालात, "रडतीस कशाला, जुन्या चादरी हायत का घरात?"

मी ट्रंकेतल्या सहा काढल्या. तुम्ही एकेकीचा कोपऱ्यातला दोरा ओढून काडी लावलीत. कागद जळल्यासारखा वास येऊन राख बोटात चुरली ती सुती, ती ठेवली. ज्या दोऱ्याचा वितळून कडक मणी झाला त्या दोन चादरी बाजूला, घाम टिपत नाहीत म्हणून. मग राहिलेल्या एकेक खिडकीसमोर धरल्या, आणि मला पहिल्यांदा दिसलं की चादर मध्येच विरलेली असते, जिथं आपण झोपतो तिथं, दोन्ही काठांकडचं कापड अजून घट्ट असतं. तुमचं सासर इचलकरंजीचं, 1904 साली जिथं पहिला यंत्रमाग बसला त्या गावचं, आणि तुमच्या घरातले मामा आयुष्यभर मागावर, त्यामुळं ताणा-बाणा तुम्हाला हात लावून कळतो. कापडाची लांबी काठाच्या दिशेनं धरायची, तिकडं ते कमी ताणतं, हे मला कुठल्या क्लासात असं समजलं नसतं.

आणि कात्री फक्त चीर द्यायला! पुढं चर्रर्र करून हातानंच फाडलंत, दोऱ्याला धरून एकदम सरळ. 90 बाय 100 इंचाची डबल चादर, एका काठाकडून पुढचा भाग आणि बाह्या, दुसऱ्या काठाकडून पाठीचे दोन पल्ले, मधल्या विरलेल्याची फडकी. पाठ पूर्ण उघडी, फक्त मानेशी आणि कमरेशी नाड्यांचे बंद, तेही कडेला बांधायचे, कारण गाठ किंवा बटण पाठीखाली आलं की झोपलेल्या माणसाला रुततं. हात पुढून घालायचे, पल्ले दोन्ही बाजूंनी अंगाखाली जरासे सरकवायचे, उचलायची गरजच नाही. शिवणीच्या कडा सुद्धा आत दुमडून दुसरी टीप मारायला लावलीत, धागे टोचू नयेत म्हणून. शंभरदा धुतलेली चादर, आटायची ती आधीच आटलेली आणि मऊ, नवीन कापडाला हे कुठनं येणार.

दुसरा गाउन मी एकटीनं कापला आणि पाठीचे दोन्ही पल्ले एकाच बाजूचे निघाले. छापील चादर, उलटं-सुलटं लगेच दिसतं. मी घाबरत घाबरत तुमच्याकडं आले तर तुम्ही एक पल्ला उलटा फिरवून सरळ मशीनला लावलात, "अंथरुणात कोण नक्षी बघतंय" म्हणालात. त्या उलट्या पल्ल्याचा गाउन आत्यांनी सगळ्यात जास्त वापरला. जांभळ्या फुलांची ती चादर, घातल्या घातल्या त्यांनी बाहीवरनं हात फिरवला आणि म्हणाल्या, "ही वन्संच्या लग्नातली न्हवं?" पडल्यापासून पहिल्यांदाच त्या दुखण्याशिवाय दुसरं काही बोलल्या हो, मी तशीच उभी राहिले.

तुम्ही तीन आठवडे रोज दुपारी आलात, तुमची स्वतःची झोप सोडून. पैशाचं नाव काढलं तर रागावलात. मला तेव्हा कपड्यांपेक्षा कुणीतरी शेजारी बसून "असं धर, आता टीप मार" म्हणणारं हवं होतं, ते तुम्ही होता.

आत्या आता वॉकर घेऊन उंबऱ्यापर्यंत येतात, साधी साडी पण नेसायला लागल्यात. सगळे गाउन उकळत्या पाण्यातून काढून, इस्त्री करून ठेवलेत, गल्लीत कुणाच्या घरी असं पेशंट असेल तर सांगा, मी पोचवते. उरलेल्या दोन चादरींचे पोरासाठी नाडीचे पायजमे शिवलेत, फक्त आसन जरा तंग झालंय, ते तुम्हाला दाखवायचं आहे.

तुमची मोठी कात्री अजून माझ्याकडंच आहे काकू. धार लावायला दिलीय, रविवारी घेऊन येते.