'हाडाचं इंजेक्शन' घेण्याआधी दात तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर आला की स्तनांच्या कर्करोगाबद्दल पुष्कळ छापून येते. गाठ कशी ओळखावी, मॅमोग्राफी कधी करावी, हे आता बऱ्याच घरांत ठाऊक आहे. मात्र आजार हाडांत उतरल्यावर जे 'हाडाचं इंजेक्शन' चालू होते, त्याचा दातांशी असलेला संबंध रुग्णाला अनेकदा दाढ काढून झाल्यावरच कळतो.

ही इंजेक्शने मुख्यतः दोन. झोलेड्रॉनिक ॲसिड ४ मिलिग्रॅम, शिरेतून किमान १५ मिनिटे, दर चार किंवा बारा आठवड्यांनी. दुसरे डेनोसुमॅब १२० मिलिग्रॅम, कातडीखाली, दर चार आठवड्यांनी. हाड पोखरणाऱ्या पेशींना दोन्ही आवर घालतात, त्यामुळे मणका खचणे, हाड मोडणे टळते किंवा लांबते. औषधे गुणकारी आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण जबड्यातले दातांभोवतीचे हाड इतर हाडांपेक्षा झपाट्याने झिजते आणि भरून निघते. झीज अडवली की दुरुस्तीही अडते. वर आवरण फक्त पातळ हिरडीचे, आणि तोंडात जंतू कायमचेच. दाढ काढल्यावरचा खड्डा एरवी दोन-तीन आठवड्यांत हिरडीने झाकला जातो. इथे तो कधीकधी उघडाच राहतो आणि तळाशी पिवळट-पांढरे हाड दिसू लागते. हे औषध घेतलेल्या रुग्णात आठ आठवड्यांनंतरही ते झाकले गेले नाही, जबड्याला रेडिएशन दिलेले नाही आणि कर्करोगही तिथे पोहोचलेला नाही, तर ते औषधामुळे मेलेले हाड समजतात. वरच्या जबड्यापेक्षा खालच्यात हे बरेच जास्त आढळते. एकोणिसाव्या शतकात पांढऱ्या फॉस्फरसच्या आगकाड्या बनवणाऱ्या कामगारांचे जबडे असेच सडत. औषधामुळे हे होते, याची नोंद मात्र २००३ पासूनची.

जोखीम किती? हाडांत पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या सुमारे दोन हजार रुग्णांवरची चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात झोलेड्रॉनिक ॲसिड घेणाऱ्यांत १.४ टक्के आणि डेनोसुमॅब घेणाऱ्यांत २ टक्के जणींना हा त्रास झाला. औषध जितकी वर्षे चालते, तितकी जोखीम चढत जाते. मधुमेह, स्टेरॉइड, तंबाखू, हिरड्यांतला पू आणि टोचणारी कवळी हे तिला हातभार लावतात.

एक घोटाळा मात्र सर्रास होतो. डेनोसुमॅब ठिसूळ हाडांसाठीही देतात, पण ते ६० मिलिग्रॅम, सहा महिन्यांनी एकदा. म्हणजे वर्षाला १२०, तर हाडांत पसरलेल्या कर्करोगात वर्षाला दीड हजारावर. नाव तेच, मात्रा बारा-तेरा पट. ठिसूळ हाडांसाठी आठवड्याला एक गोळी घेणाऱ्या आजीची दाढ काढायला उगाच नकार मिळतो आणि दरमहा इंजेक्शन घेणारीची दाढ न विचारता उपटली जाते, ती यामुळेच. दंतवैद्याने 'औषधे कोणती?' एवढेच विचारले, तर रुग्ण गोळ्या सांगतो, कारण इंजेक्शन त्याच्या लेखी 'केमोसोबतचे काहीतरी' असते.

काम खरे तर पहिल्या डोसच्या आधी करायचे. ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे काढावा, स्केलिंग (दातांवरचे कीटण काढणे) करून घ्यावे, वाचणाऱ्या दातांचे रूट कॅनल उरकावे. जे वाचणारच नाहीत, ते तेव्हाच काढावेत आणि जखमेवर हिरडी चढेपर्यंत, साधारण दोन ते तीन आठवडे, इंजेक्शन लांबवता येते का हे कर्करोगतज्ज्ञांना विचारावे. मणका दबून पाय लुळे पडण्याची भीती असेल तर अर्थातच थांबू नये. कवळी असेल तर ती काढून खालच्या जबड्याची आतली, जिभेकडची बाजू बोटाने चाचपावी. तिथली हाडाची कड धारदार आणि हिरडी अगदी पातळ असते. कवळी घासून तिथेच फोड येतो आणि दात न काढताही हाड उघडे पडते.

इंजेक्शने चालू असताना दात काढणे आणि इम्प्लांट बसवणे शक्यतो टाळावे. किडलेल्या दाढेचे रूट कॅनल करून वरचा भाग हिरडीलगत कापला आणि मुळे आतच ठेवली, तरी चालते. काढणे अटळच असेल तर आधीपासून अँटिबायोटिक, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या गुळण्या, हाडाच्या टोकदार कडा गुळगुळीत करणे आणि हिरडी ओढून टाक्यांनी बंद करणे, हे सगळे हवे. आपल्याकडे अनेक बायका दात दुखला की मशेरी जास्त वेळ धरून ठेवतात. त्याने ठणका दबतो आणि हिरडी आतून खराब होत राहते. ही सवय डॉक्टरांना सांगायला लाजू नये.

जबडा जड वाटणे, कारण नसताना दात हलणे, खालच्या ओठाला किंवा हनुवटीला बधिरपणा येणे, ही हाड दिसण्याच्या आधीची लक्षणे असू शकतात. बधिरपणा कर्करोग जबड्यात उतरल्यानेही येतो, म्हणून तो अंगावर काढू नये. उघडे हाड दिसले तर ते खरवडायची घाई नको. आधी गुळण्या आणि गरजेपुरते अँटिबायोटिक. सुटा झालेला मेलेला तुकडा मुख-जबडा शल्यचिकित्सकच काढतील.

'इंजेक्शन बंद करून महिन्याने या' हा सल्लाही तपासून घ्यावा. झोलेड्रॉनिक ॲसिड हाडात वर्षानुवर्षे मुरलेले असते, महिनाभराच्या खंडाने ते निघून जात नाही. डेनोसुमॅबचा असर मात्र सहाएक महिन्यांत ओसरतो आणि ते अचानक थांबवल्यास उलट उसळीने मणके मोडल्याची उदाहरणे आहेत. हा निर्णय कर्करोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांनी फोनवर बोलूनच घ्यावा.

डे-केअर वॉर्डांना एक विनंती. फाईलच्या पहिल्या पानावर, केमोच्या तक्त्याच्या वर, ठळक अक्षरांत चार गोष्टी लिहा: इंजेक्शनचे नाव, मात्रा, पहिल्या डोसची तारीख, शेवटच्या डोसची तारीख. आणि दात काढायला जाताना तेच पान सोबत न्यायला सांगा.

आपला,
एक दंतवैद्य, सातारा