'साठ तीन' आणि 'त्रेसष्ट'

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

उन्हामुळे शाळा लवकर बंद झाली, आणि विदर्भातल्या शाळा तशाही बाकीच्या महाराष्ट्रानंतर उघडतात. म्हणजे दोन्ही लेकरं बरेच दिवस तुमच्या ताब्यात. शाळेनं सरावाची पानं पाठवलीत, ती छापायला भर उन्हात झेरॉक्सवाल्याकडे जाऊ नका. घरातल्या वस्तूंवर सगळं भागतं.

बाबा, गणित तुम्ही घेणार, आणि वादही तिथंच होणार. मोठा 63 ला 'साठ तीन' म्हणतो. ते चूक नाही. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ही पद्धत आली तेव्हा केवढी ओरड झाली होती, आठवतं? गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. कारण साधं आहे. 'त्रेसष्ट'मध्ये तीन आधी ऐकू येतो आणि साठ नंतर, म्हणून लेकरू कानावर पडेल तसं आधी 3 लिहितं, मग 6. झाले 36. 'एकोणसाठ' त्याहून कठीण: म्हणायचं साठ, मनात एक कमी करायचा, लिहायचे 59. आणि हे एकोणचं गणित जमलं म्हणावं तर नव्व्याण्णव येऊन ते मोडतंच. तेव्हा त्यानं 'साठ तीन' म्हटलं की 'बरोबर, त्यालाच त्रेसष्ट म्हणतात' एवढंच म्हणा. पुस्तकाला नावं ठेवू नका. उद्या तो बाईंसमोर तेच म्हणेल. जुनी नावं मात्र त्याला यायलाच हवीत, नाहीतर गोकुळपेठेत भाजीवाल्यानं 'पंचेचाळीस' म्हटलं की तो तोंडाकडे पाहत बसेल.

खराट्याच्या जाड काड्या बोटभर लांबीच्या तोडा, टोकं दगडावर घासा. शंभर पुरे. दहा-दहाचे गठ्ठे रबरानं त्यालाच बांधू द्या, आयते बांधून देऊ नका, कारण दशक म्हणजे काय ते बांधतानाच कळतं. मग 63 म्हणजे सहा गठ्ठे, तीन सुट्या. वजाबाकीत तुमचा 'हातचा' इथं डोळ्यांना दिसतो. 42 मधून 17 काढायचे: सुट्या दोनच, सात कुठून द्यायच्या? एक गठ्ठा सोडायचा, सुट्या झाल्या बारा, त्यातल्या सात गेल्या, उरल्या पाच. तीन गठ्ठ्यांतला एक दिला, उरले दोन. 25. आठवडाभर नुसत्या काड्याच. वहीत लवकर शिरलं की मोठ्या अंकातून लहान अंक काढायची सवय लागते, आणि 42 वजा 17 चं उत्तर 35 येतं. असं उत्तर आलं तर खोडू नका, काड्या पुढ्यात ठेवा.

आई, वाचन तुझ्याकडे. त्याला बाराखडी धडाधड म्हणता येते, पण त्यावर जाऊ नकोस, ते पाठांतर आहे. मधलंच एखादं अक्षर दाखव, 'मू' किंवा 'के'. अडखळला तर तो पहिल्यापासून म्हणत तिथवर येतो, म्हणजे अक्षर ओळखत नाही. एका आठवड्याला एकच स्वरचिन्ह घे. आधी काना, पहिली वेलांटी बरीच नंतर: ती लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर, तिथंच लेकरं गोंधळतात. जोडाक्षरं सध्या नकोतच. शब्दावर अडला तर मनात पाच आकडे मोज, मगच सांग. लगेच सांगितलं की तो अक्षराऐवजी तुझ्या तोंडाकडे बघायला लागतो. रोज दहा मिनिटं तू वाचून दाखव, ओळीखाली बोट फिरवत.

धाकटीच्या हातात पेन्सिल द्यायची घाई नको. चार वर्षांची बोटं अजून कच्ची असतात. जोर लागत नाही, मग पेन्सिल मुठीत धरली जाते. तिला कणकेचे गोळे करू दे, कपड्यांचे चिमटे दोरीला लावू दे. ताटात रव्याचा पातळ थर दिलास तर ती बोटानं रेघा, गोल काढेल. रांगोळी देऊ नकोस, हात डोळ्यांना लागतो. मोजायला बाटल्यांची झाकणं दे. चिंचोके आणि शेंगदाणे या वयात नाकात जातात, घशात अडकतात.

वेळ सकाळी सात ते नऊच्या मधली. मोठ्याला वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका, धाकटीला दहा मिनिटं, तीही तिच्या मनात असेल तर. दुपारी कूलर सुरू झाला की वाचलेलं त्या घरघरीत ऐकू येत नाही, तेव्हा दुपार चित्रांची, पत्त्यांची आणि झोपेची. मोबाईलवर दीक्षा ॲप आहे. पुस्तकातला चौकोनी कोड दाखवला की त्या धड्याचा व्हिडिओ उघडतो. एक बघून झाला की मोबाईल कपाटावर.

पन्ह्याचं माप मोठ्यालाच घेऊ दे: उकडलेल्या कैरीचा गर एक वाटी, तर किसलेला गूळ दोन वाट्या. चार वाट्या गराला गूळ किती, ते आधी त्याला विचार, मगच डबा उघड. कैरी आंबट निघाली तर अर्धी वाटी गूळ वाढेल, तेही त्यालाच चाखून ठरवू दे.

बाबा, रबरं सीताबर्डीहून आणायची झाली तर सकाळी दहाच्या आत जाऊन या, आणि दुपट्टा बांधूनच निघा.

तुमची,
मोठी