नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आई गेल्यावर महिन्याभराने सोसायटीच्या ऑफिसात गेले. सेक्रेटरींनी फाइल काढून नॉमिनेशनचा फॉर्म पुढे केला. खाली आईची थरथरती सही, वर एकट्या भावाचं नाव. "ताई, फ्लॅट आता दादांचा झाला, तुमचा काही संबंध उरला नाही," ते म्हणाले. शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला निळ्या शाईत भावाचं नाव चढलंही होतं.

आईने फॉर्म भरला तेव्हा मी नागपूरला होते आणि भाऊ शेजारच्याच बिल्डिंगमध्ये. मेंटेनन्स भरणं, प्लंबर बोलावणं सगळं तोच बघायचा, म्हणून त्याचं नाव. घर त्यालाच द्यायचं असतं तर तिने मृत्युपत्र केलं असतं. ते तिने केलं नाही. भावाशी माझं भांडण नाही. सेक्रेटरींनी सांगितलं, तेच त्यालाही खरं वाटलं.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यानुसार नॉमिनी हा तात्पुरता सदस्य असतो आणि तोही वारसांना सदस्य करून घेईपर्यंतच. घर कोणाचं, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. मृत्युपत्र नसेल तर हिंदू आईच्या मिळकतीत मुलगा-मुलगी सारखेच वारस, हे 1956 पासून कायद्यात आहे. कंपन्यांच्या शेअर्सवरही नॉमिनीची मालकी होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं. तरीही सोसायट्यांच्या ऑफिसांत अजून "नॉमिनी तोच मालक" असंच ऐकवलं जातं आणि बहिणी, विधवा सुना मुकाट घरी परततात.

कमिटीवरची माणसं नोकरी-धंदा सांभाळून, बिनपगारी काम करतात, हे मी जाणते. पण नॉमिनीचं नाव लिहिताना पुढे ‘तात्पुरता सदस्य’ हे दोन शब्द लिहायला काय लागतं? बाकीच्या वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा न्यायालयाचा आदेश हाती येईपर्यंत विक्रीसाठी ना-हरकत पत्रही देऊ नये. सहकार खात्याने नॉमिनेशनच्या फॉर्मवरच ठळक अक्षरांत छापावं, की या फॉर्मने मालकी मिळत नाही.

सप्टेंबरअखेरपर्यंत सगळीकडे वार्षिक सभा होतील. वयस्कर सभासद समोर बसलेले असतानाच हा फॉर्म वाचून दाखवा, आणि मृत्युपत्र केलंय का, हेही त्यांना विचारा.

एक वाचक, डोंबिवली