वन्स मोअर आता लॅपटॉपकडे मागायचा का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीत 'संगीत सौभद्र' या जुन्या संगीत नाटकाच्या नव्या प्रयोगावर अर्धं पान भरून जे कौतुक छापून आलंय ते वाचलं. आपल्या परीक्षणकर्त्यांचं अभिनंदन, कारण त्यांनी जे नाटक बघितलं ते आम्हा पुणेकरांना बघायला मिळालेलंच नाही.

त्यांनी बघितला तो मुंबईचा शुभारंभाचा प्रयोग, तसं शेवटच्या परिच्छेदात बारीकशा एका ओळीत लिहिलंय. आम्ही गेल्या रविवारी इथे बघितला तो दौऱ्याचा. संस्था तीच, जाहिरात तीच, त्यावर मुंबईचाच फोटो, तिकीट पाचशेचं ते पण तेच. बाकी काय तेच होतं ते जरा विचारून सांगा.

परीक्षणात 'ऑर्गनचा भरदार सूर' असं लिहिलंय. आमच्याकडे ऑर्गन नव्हता. ऑर्गनच्या जागी एक कीबोर्ड होता आणि तबलजी बिचारे होते, पण निम्मी पदं चक्क लॅपटॉपवरच्या ट्रॅकवर, तानपुरा कुणाच्यातरी फोनवर. सारंगीवर तुमच्या माणसानं दोन वाक्यं खर्च केलीयेत, ती सारंगी बहुतेक लोणावळ्याला उतरली असावी. नारद आणि बलराम दोन्ही एकाच गृहस्थांनी केले, वीणा ठेवून पाच मिनिटांत मिशी लावून आले, मिशी एका बाजूनं सुटत होती, तरी माणूस गोड गायला हे कबूल. सुभद्रेला पळवणारा राक्षस घटोत्कच तर आलाच नाही. स्पीकरमधून नुसता हसला आणि दिवे गेले, दिवे आले तेव्हा सुभद्रा अरण्यात. माझ्या शेजारी एक बाई नातवाला घेऊन आल्या होत्या, तो पोरगा 'राक्षस कुठाय' म्हणून शेवटपर्यंत विचारत होता. त्याचंही तिकीट पूर्ण घेतलं होतं हो.

आता कुणी म्हणेल की काकू, काळाप्रमाणे काटछाट होणारच. मला शिकवू नका. 'सौभद्र'मध्ये मुळात शंभराच्या वर पदं आहेत, अंक पाच, ते सगळं आज कोण म्हणणार आणि कोण बसून ऐकणार? खुद्द नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली याच पुण्यात पहिल्यांदा केलं तेव्हा तीनच अंक केले होते, पाच अंकी पुढल्या वर्षी आलं. म्हणजे काटछाटीला, कमीजास्तीला माझी ना नाहीच. तीन तासांत बसवा, दोन अंकी करा, काय हवं ते करा. पण मुंबईला एक आणि आम्हाला दुसरं, आणि दोन्हीला जाहिरात एक, हे कुठलं?

आणि दौऱ्याचं कारण सांगू नका. आपलं संगीत नाटक दौऱ्यावरच वाढलंय. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी (१९१३ ची) गावोगाव फिरायची ती पडदे, कपडे, आचारी, सगळा बारदाना घेऊन, आणि साथीला तबल्यावर थिरकवाँ साहेब, सारंगीवर कादरबक्ष. हे फक्त मुंबईकरांसाठी आणि बाकीच्यांना दुय्यम माणसं, असं काही नव्हतं. मूळ प्रयोग आणि दौऱ्याचा प्रयोग अशी दोन नाटकंच नव्हती त्या काळी. कर्जबाजारी झाले तो भाग वेगळा.

ऑर्गन का आणत नाहीत हे मला नीट माहितीये. पायानं भाता मारायचा लाकडी धूड ते, टेम्पोत चढवायला चार माणसं लागतात, घाटात हादरे बसले की सूर हलतात आणि लावणारा माणूस आता शोधून मिळत नाही. सगळं मान्य. मग कीबोर्ड तर कीबोर्ड, पण माणूस तरी वाजवू दे पूर्ण वेळ! ट्रॅक कशाला? कारण मला खरा राग आला तो इथेच. कृष्णाचं 'नच सुंदरी करू कोपा' इतकं सुंदर झालं की मागून दोनतीन जण ओरडले वन्स मोअर. टाळ्या चालूच. त्या मुलानं (तरुण आहे, गळा तयार आहे, त्याला दोष नाही) विंगेत बघितलं, विंगेतून कुणीतरी हात हलवला, आणि तो हात जोडून सरळ पुढच्या संवादाला लागला. ट्रॅक पुढे गेला होता ना! एक तान जास्त घ्यायची सोय नाही, समेवर थोडं रेंगाळायची सोय नाही, मशीन पुढे पळतंय आणि गायक त्याच्या मागे. पूर्वी लोक एकेका पदाला तीनतीन वन्स मोअर घ्यायचे नि नाटक पहाटेपर्यंत जायचं. माझी आजी सांगायची की 'प्रिये पहा' हे कृष्णाचं उषःकालाचं पद यायची वेळ आणि बाहेर खरंच उजाडायची वेळ एकच असायची.

आणि हो, 'प्रिये पहा'. परीक्षणात लिहिलंय की या पदाला सभागृह भारावून गेलं. आमच्याकडे ते पद झालंच नाही! रुक्मिणी आली, दोन वाक्यं बोलली, गेली. पुरणपोळीची पाटी लावून साधी पोळी वाढली तर पुण्यातला माणूस हॉटेलवाल्याशी भांडतो, इथे मात्र सगळे निमूट उठून पार्किंगकडे पळाले, कारण तिथे गाडी काढायला अर्धा तास लागतो.

माझा भाचा लंडनला असतो, त्याला फोनवर हे सगळं ऐकवलं तर म्हणाला मावशी, इथे पण हेच. त्यांचं ते 'ले मिझराब्ल' नावाचं संगीत नाटक १९८५ पासून चालू, फिरत्या रंगमंचासाठी नावाजलेलं. पंचवीस वर्षं झाल्यावर जो दौरा काढला त्यात फिरता रंगमंच गेला, मागे मूळ कादंबरी लिहिणाऱ्या ह्यूगोनं स्वतः काढलेल्या चित्रांवरून केलेली प्रोजेक्शनं आली. पण त्यांनी ती नवी मांडणी आहे असं उघड सांगून विकली. पुढे २०१९ मध्ये लंडनचा जुना प्रयोगच बंद करून त्याच थिएटरात दौऱ्याची मांडणी आणून बसवली, तेव्हा जुन्या लोकांनी भरपूर आरडाओरडा केला. ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. उद्या मुंबईत पण लॅपटॉपच आला तर बोलायला कुणाकडे जायचं?

तेव्हा विनंती अशी की आपल्या परीक्षणकर्त्यांना एकदा इकडच्या प्रयोगाला पाठवा, पासावर नको, तिकीट काढून, आणि मागच्या रांगेत बसवा. आणि निर्मात्यांनी जाहिरातीत साथीदारांची नावं टाकावीत, ट्रॅक असेल तर 'ट्रॅकवर' असं लिहावं. जाहिरातीत फोटो केवढा मोठा असतो, दोन ओळींना जागा नाही होय?

जाता जाता, आपण नाटकांच्या जाहिराती आतल्या पानावर नेल्यापासून त्यांचा टाइप इतका बारीक झालाय की दुपारचा प्रयोग रात्रीचा समजून आमच्या सोसायटीतले दोघं जण संध्याकाळी रिकाम्या नाट्यगृहापुढे उभे होते. तेवढं बघा.

आपली,
एक जुनी वाचक (आणि तिकीट काढून नाटक बघणारी),
कर्वेनगर, पुणे