विजेची गाडी घरी स्वस्त, वाटेत महाग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विजेवरची गाडी घेऊन मला वर्ष झाले. 'पेट्रोलचे पैसे वाचले ना?' असे दापोलीच्या बाजारात कुणी ना कुणी विचारतेच. वाचले, पण हिशेब वाटतो तितका सरळ नाही. घरात महिन्याला नव्वद-पंचाण्णव युनिट जळायचे, म्हणजे शंभर युनिटच्या आतल्या, स्वस्त दराच्या टप्प्यात. गाडी युनिटला साधारण सात किलोमीटर धावते. हजार किलोमीटरला दीडशेच्या आसपास युनिट लागतात. ते जवळजवळ सगळे १०१ ते ३०० च्या टप्प्यात, चढ्या दराने. तरीही पेट्रोलपेक्षा स्वस्तच, हे कबूल.

खरी मेख घराबाहेर आहे. गाडीवर जीएसटी ५ टक्के, घरच्या विजेवर शून्य, आणि सार्वजनिक चार्जिंगवर मात्र १८ टक्के! गेल्या गणपतीत मुंबईहून येताना महामार्गावर दोन तास रांगेत काढले. दोनपैकी एक यंत्र बंद. घरी भटजी येऊन बसलेले.

आणि वीज गेली तर? जून २०२० च्या 'निसर्ग' वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस अंधार होता. तेव्हा ही गाडी असती तर अंगणातच उभी राहिली असती, नारळाच्या झावळ्या अंगावर घेऊन.

चार्जिंगवरचा कर निदान गाडीइतका, ५ टक्क्यांवर आणावा. आणि कोकणातल्या एसटी स्थानकांच्या आवारात खासगी गाड्यांसाठी चालू स्थितीतली यंत्रे बसवावीत, गणपतीच्या आधी.

– एक वाचक, दापोली