जुना किनारी रस्ता सायकलींसाठी राखून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकण किनाऱ्याने जाणाऱ्या रेवस-रेडी सागरी महामार्गावरच्या पुलांच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर येतात. कोणत्या खाडीवरच्या पुलाचे काम कुठवर आले, मुंबईहून तळकोकणात पोहोचायला किती वेळ वाचेल, हे सगळे त्यात असते. ते वाचताना आम्हा चिपळूणच्या सायकल चालवणाऱ्यांच्या मनात दर वेळी एकच प्रश्न येतो आणि तो अजून कुणी विचारलेला माझ्या वाचनात आला नाही. नवा रस्ता झाल्यावर जुन्याचे काय करणार?

गेल्या जानेवारीत मी आणि माझी धाकटी बहीण मांडव्यापासून रेडीपर्यंत सायकलने गेलो. माझे वय अठ्ठावन्न, तिचे पंचावन्न. सायकली साध्या गिअरच्या, मागे कॅरिअरला दोन-दोन पिशव्या आणि पंक्चरचे सामान. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून रो-रो (गाड्या नेणारी मोठी बोट) सुटते, तिने मांडव्याला उतरलो आणि नवव्या दिवशी दुपारी रेडीच्या गणपतीसमोर सायकली टेकवल्या.

पहिले दोन दिवस मात्र मनस्तापाचे गेले. शनिवार-रविवार होता. अलिबागपासून मुरूडपर्यंतच्या अरुंद रस्त्यावर मोटारींची रांग हटत नव्हती. काशीदच्या अलीकडे एका गाडीचा आरसा बहिणीच्या हँडलला घासून गेला आणि ती रस्त्याकडेच्या खडीत पडली. गाडी थांबली नाही. कोपर सोलवटले, पुढचे चाक वाकडे झाले. शेजारच्या वाडीतल्या एका दादांनी चाक गुडघ्यात धरून, एकेक आरी ताणून, अर्ध्या तासात सरळ करून दिले. पैसे घेतले नाहीत. "जाताय कुठवर?" एवढेच विचारले. रेडी म्हटल्यावर त्यांनी घरातून दोन शहाळी आणून दिली.

आगरदांड्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने राजपुरीची खाडी ओलांडली, दिघीला उतरलो आणि सगळेच बदलले. सोमवार सकाळ होती. दिवेआगरहून भरडखोल, शेखाडी, कोंडिविली, आरावी करत श्रीवर्धनला जाणारा रस्ता वीस-पंचवीस किलोमीटरांचा असेल, पण मी आयुष्यात चालवलेला सर्वांत सुंदर रस्ता तोच. उजव्या हाताला समुद्र, कुठे कुठे इतका जवळ की भरतीचे तुषार चष्म्यावर येतात. डाव्या हाताला जांभ्याची दरड आणि काजूची झाडे. भरडखोलला बायका सुकट वाळत घालत होत्या. त्यांचे बोलणे, वाऱ्यावर फडफडणारी जाळी, चेनचा आवाज, सगळे वेगवेगळे ऐकू येत होते. पाऊण तासात आम्हाला एक एसटी, दोन दुचाकी आणि बर्फाचा एक टेंपो भेटला. मोटारीतून हाच रस्ता मी पूर्वी दोनदा पाहिलेला. पण तेव्हा पाहिला म्हणजे काय, काचेतून पुढे गेला एवढेच.

कोकणात सायकल चालवणे सोपे नाही. खाडीच्या तोंडाशी उतरायचे, पुन्हा सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावर, चढायचे, पुन्हा पुढच्या खाडीला उतरायचे. दिवसात तीन-तीनदा. या चढ-उतारांत फेरीबोट म्हणजे श्वास घ्यायची जागा. बागमांडल्याहून वेश्वीला सावित्री ओलांडली, दाभोळहून धोपाव्याला वाशिष्ठी, तवसाळहून जयगडला शास्त्री. दाभोळची फेरीबोट २००३ मध्ये सुरू झाली. ती नसती तर दापोली-खेड-चिपळूण असा शंभरावर किलोमीटरचा वळसा पडला असता आणि तोही थेट मुंबई-गोवा महामार्गावरून, जिथे सायकल घालणे म्हणजे जीव मुठीत घेणे. फेरीबोटीवर सायकल कठड्याला टेकवून उभे राहिले की आजूबाजूला सगळे गाव असते. शाळेची पोरे, मासळीच्या टोपल्या, माहेरवाशिणी, बँकेत निघालेले आजोबा. वेळासमध्ये कासवांची पिल्ले पाहायला लोक येऊ लागल्यामुळे घरोघरी पाहुण्यांची सोय होऊ लागली हे आम्हाला तिथेच एका बाईंनी सांगितले आणि त्या रात्री त्यांच्याच ओटीवर आमच्या सायकली होत्या. सकाळी घावणे आणि नारळाचा रस खाऊन निघालो.

गैरसमज नको म्हणून स्पष्ट लिहिते, आम्हाला पूल नकोत असे मुळीच नाही. माझे सासर खाडीकाठचे. रात्री शेवटची फेरी निघून गेल्यावर छातीत दुखणाऱ्या माणसाला घेऊन धक्क्यावर उभे राहणे काय असते, ते आमच्या घराने सोसले आहे. बाणकोटच्या खाडीत कित्येक वर्षे अर्धवट उभे राहिलेले खांब पाहून कोणाही कोकणवासीयाचा जीव तुटतो. पूल व्हावेत, लवकर व्हावेत. पण पूल झाला की फेरी बंद, आणि रुंद रस्ता झाला की जुना रस्ता एकतर त्यातच गिळला जाणार किंवा डंपरवाल्यांची आडवाट होणार, हे गृहीत धरून चालू नये.

माझी मुलगी नोकरीनिमित्त आयर्लंडमध्ये असते. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे गेले असता तिने मला वॉटरफर्ड ते डंगारव्हन या सायकलमार्गावर नेले. ४६ किलोमीटर, एकही मोटार नाही. मुळात ही रेल्वेलाइन. प्रवासी गाड्या १९६७ मध्ये बंद पडल्या, पुढे काही वर्षे मालगाड्या चालल्या आणि नंतर रूळ गवतात बुडाले. त्याच पट्टीवर २०१७ मध्ये सायकली आणि पादचाऱ्यांसाठी डांबरी वाट खुली झाली. आगगाडीची वाट असल्याने चढ जाणवतच नाही. किलमिडनपासून काही अंतर शूर नदीच्या काठाने एक छोटी नॅरोगेज गाडी सायकलींच्या बरोबरीने धावते, मुले डब्यातून हात हलवतात. किलमकटॉमस गावावरून जुन्या दगडी पुलाच्या आठ कमानींवरून आपण जातो. पुढे बॅलीव्हॉइलचा चारशे मीटरचा बोगदा आहे. आत भिंतींवर नेचे वाढलेले, वरून पाणी ठिबकत असते. मला एकदम आपल्या कोकण रेल्वेच्या बोगद्यांतला पावसाळा आठवला. बोगद्यातून बाहेर पडले की शेते संपतात आणि थोड्याच वेळात समोर समुद्र येतो.

तिथे मी मुद्दाम पाहिले की सायकली चालवते कोण. शर्यतीवाले थोडेच. मागच्या सीटवर नातवंड बसवलेल्या आज्या, शाळकरी मुले, चालायला निघालेली जोडपी. किलमकटॉमसमध्ये सायकली भाड्याने मिळतात, पुढे जागोजागी चहा-खाण्याची छोटी दुकाने. गाड्या बंद झालेल्या वाटेवर पुन्हा माणसांची ये-जा सुरू झाली होती. मोटारीतला पाहुणा डंगारव्हनला थेट जाऊन जेवला असता. सायकलवाल्याला मध्ये चारदा भूक लागते आणि चारदा तो गावात थांबतो. शेखाडीच्या, हेदवीच्या, मिठबावच्या घरगुती खाणावळींना असाच पाहुणा हवा आहे. त्याला गाडी लावायला जागा लागत नाही आणि तो गाणी लावून किनाऱ्यावर चाके फिरवत नाही.

आपल्याकडे त्यासाठी जुनी रेल्वे शोधायची गरज नाही. रस्ता तयार आहे. नवा महामार्ग जिथे जिथे गाव टाळून सड्यावरून किंवा पुलावरून जाईल, तिथे मागे उरणारा किनाऱ्याचा तुकडा एसटी, स्थानिकांची वाहने, सायकली आणि पादचारी यांच्यापुरता राखावा. अवजड वाहनांना तिथे बंदी असावी. कडेचे जांभ्याचे गडगे, पाखाड्या आणि जुनी झाडे रुंदीकरणाच्या नावाखाली पाडू नयेत. सायकलला सहा-सात फुटांचा सपाट डांबरी पट्टा पुरतो. आणि जे पूल बांधले जात आहेत, रेवस-करंजा असो, आगरदांडा-दिघी असो, दाभोळचा असो की जयगडचा, त्यांवर कठड्याच्या आत सायकल आणि पायी जाणाऱ्यांसाठी वेगळी, मोटारींपासून अडसराने राखलेली वाट आराखड्यातच असली पाहिजे. खाडीच्या तोंडावर वारा आडवा येतो. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुलावर आम्ही दोघी सायकली हातात धरून चाललो, कारण मागून ट्रक आला की वाऱ्याने हँडल हलत होते. नंतर जोडायचे म्हटले तर ही वाट कधीच होत नाही, हे शहरांतल्या पुलांवर आपण पाहिलेच आहे.

फेरीबोटींबद्दलही असेच वाटते. पूल झाल्यावर मोठ्या बोटी परवडणार नाहीत हे समजते. पण पायी जाणारे आणि सायकली नेणारी एखादी लहान होडी प्रत्येक खाडीवर राहावी. ज्यांनी आयुष्यभर ही फेरी चालवली त्यांच्याच हाती ती राहिली तर आणखी बरे.

एवढे सगळे एकदम होणार नाही. म्हणून सार्वजनिक बांधकाम विभागाला आणि रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांना आपल्या दैनिकातून विनंती करते, की येत्या हिवाळ्यात निदान दिवेआगर-श्रीवर्धन हा एक तुकडा दर रविवारी सकाळी सहा ते दहा बाहेरच्या चारचाकींना बंद ठेवून पाहावा. एसटी, रुग्णवाहिका, मासळीच्या गाड्या आणि गावकऱ्यांची वाहने अर्थातच चालू राहतील. गावकऱ्यांना विचारून, त्यांच्या सोयीनेच हे व्हावे. फलक लावायला, वळणांवर उभे राहायला, किती माणसे येतात याची नोंद ठेवायला आम्ही चिपळूणचे पंधरा-वीस जण स्वखर्चाने येऊ. दिघीपर्यंतचा रस्ता आम्हाला आता पाठ आहे.

आपली,
एक सायकलस्वार वाचक, चिपळूण