मेट्रो स्थानकापासून गावापर्यंत काय?

संपादक महोदय,

नागपूर मेट्रोचा दुसरा टप्पा बुटीबोरी, कन्हानपर्यंत येणार, याचा आनंद आहे. पण स्थानकापुढचे पाच-सात किलोमीटर कोण नेणार? काळी-पिवळी सवाऱ्या भरल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे रात्रीच्या फेरीचा भरवसा नसतो. बारा आसनांची गाडी दर २० मिनिटांनी, भरो न भरो, सोडावी. सरासरी थांबणे १० मिनिटांवर येते. आजच्याच चालकांना सवारीमागे नव्हे, किलोमीटरमागे पैसे द्यावेत, म्हणजे रिकाम्या आसनांचा भुर्दंड त्यांच्यावर पडणार नाही. चालकविरहित गाड्यांची घाई मात्र नको. पट्टे पुसलेल्या रस्त्यावर, कापसाच्या बैलबंड्यांमधून गाडीच्या कॅमेऱ्याला वाट ओळखणे कठीण. अशा गाड्या सुरुवातीला बंदिस्त मार्गावरच चालवाव्यात. मेट्रो, एसटी आणि या गाड्यांना एकच तिकीट हवे, तेही दुसऱ्या टप्प्याच्या आराखड्यातच.

– एक वाचक, उमरेड (जि. नागपूर)